बसलेल्या माणसाचा कोट

ग्वाल्हेरकर वाचकाला थंडीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही, आणि आपल्या घराघरांतील पेट्यांतून रजया, बंड्या, मफलर व माकडटोप्या डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर पडतात. थंडीतील आजारांविषयी आपल्या स्मरणिकेत यापूर्वी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला या वेळी थंडीच्या एका कपड्याविषयी लिहावयाचे आहे. इंग्रजीत त्याला ‘कार कोट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द रुळलेला नाही, म्हणून मीही तोच वापरतो.

कार कोट म्हणजे आखूड ओव्हरकोट. आतील जाकीट पूर्ण झाकले जाईल इतपत लांब, पण गुडघ्याच्या बराच वर, मांडीच्या मध्यावर संपणारा. खाली किंचित घेर असलेला, खांद्यात सैल, खिसे तिरके आणि खोल. नावाप्रमाणेच तो मोटार चालविणाऱ्यासाठी बेतलेला आहे. शिंपी सहसा आपले माप उभे करून घेतो. हा कोट मात्र बसलेल्या माणसाचा विचार करून कापलेला असतो. एवढ्या साध्या गोष्टीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या व्यवसायबंधूंचा वाटा मोठा आहे. शिवाय त्यातून निघणारा बोध ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर आजही उपयोगी पडणारा आहे, असे मला वाटते.

लांब कोटाचा काळ

पहिल्या पिढीतील मोटारी उघड्या होत्या. छप्पर नाही, बाजूला काच नाही, पुष्कळांना समोरही काच नाही. इंग्लंडमध्ये १८९६च्या कायद्याने मोटारीपुढे माणूस चालविण्याची अट गेली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैल झाली. १९०३च्या कायद्याने ती २० मैलांवर नेली. ताशी २० मैल म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. आज आपल्याला हा वेग हास्यास्पद वाटेल. पण उघड्या आसनावर, हिवाळ्यात, समोरून येणारा वारा छातीवर घेत तासन् तास बसणाऱ्याला तो हास्यास्पद वाटत नसे.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचा हिशेब पुढे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकावर प्रयोग करून मांडला व १९४५ साली प्रसिद्ध केला. पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हे निरनिराळ्या वाऱ्यात मोजून त्यांनी आपली कोष्टके बसविली. २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी हे सूत्र सुधारून घेतले. त्या सुधारित सूत्राप्रमाणे हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी ३२ किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी जवळजवळ शून्य अंशासारखी लागते. म्हणजे १९०३चा मोटारवाला वेगमर्यादा पाळूनही आपल्याभोवती स्वतःचा असा एक कडक हिवाळा निर्माण करीत असे.

थंडीच्या जोडीला धूळ होती. रस्ते खडीचे किंवा मातीचे. म्हणून उन्हाळ्यासाठी पायघोळ, फिक्या रंगाचे सुती किंवा तागाचे ‘डस्टर’ कोट आले, आणि हिवाळ्यासाठी कातड्याचे व लोकरी अस्तराचे जड कोट. डोळ्यांवर गॉगल, हातांत कोपरापर्यंतचे मोजे, स्त्रियांच्या टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला जाळीदार पदर, गुडघ्यांवर घोंगडी, असा सगळा सरंजाम असे. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने १८९३ साली वडिलांचा घोड्यांच्या खोगीर-सामानाचा धंदा हाती घेतला; घोडे जाऊन मोटारी येणार हे ओळखून त्याने मोटार सोडून मोटारवाल्याला लागणारी प्रत्येक वस्तू विकण्याचे दुकान थाटले. टॉमस बरबरीने १८७९ साली गॅबर्डीन हे कापड काढले व १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. घट्ट विणीच्या या कापडातून वारा व पाऊस आत शिरत नाही, पण अंगाची वाफ मात्र बाहेर पडते. जड कातड्याला हा हलका पर्याय मोटारवाल्यांना फार मानवला.

१९०९ साली डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश महिला मोटारचालकाने स्त्रियांसाठी मोटार चालविण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यात पोशाखाचा स्वतंत्र विचार आहे. लेस आणि झालरी टाळा असे ती बजावते. मागची वाहने दिसावीत म्हणून हातआरसा जवळ ठेवण्याची तिची सूचना तर प्रसिद्धच आहे. गाड्यांना मागचे पाहण्याचे आरसे सर्रास लागले ते त्यानंतर.

डॉक्टर आणि मोटार

या आरंभीच्या मोटारवाल्यांत डॉक्टरांचे प्रमाण लक्षणीय होते. कारण उघड आहे. रुग्णाच्या घरी जाणे हा तेव्हा व्यवसायाचा गाभा होता, आणि घोडा रात्रीबेरात्री जोडावा लागतो, थकतो, आजारी पडतो. अमेरिकेत मोटार विकत घेणाऱ्या पहिल्या व्यावसायिक वर्गांपैकी डॉक्टर हा एक होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने १९०६ सालीच डॉक्टरांच्या मोटारींवर विशेष मजकूर दिला. पुढे दोन माणसांच्या बंद, आटोपशीर मोटारीला तिकडे ‘डॉक्टर्स कूपे’ असे नावच पडले. उन्हापावसात, रात्री, एकट्याने जाणाऱ्याला बंद गाडी हवी, हे डॉक्टरांच्या गरजेतून बाजाराला लवकर कळले.

अमेरिका खंड मोटारीने प्रथम ओलांडणारा माणूसही पेशाने डॉक्टरच होता. होरेशिओ नेल्सन जॅक्सन हे त्याचे नाव. व्हरमाँटचा हा ३१ वर्षांचा डॉक्टर व्यवसायातून बाहेर पडलेला होता. त्याची पत्नी ‘पेन्स सेलरी कंपाउंड’ या तेव्हाच्या लोकप्रिय पेटंट औषधावर श्रीमंत झालेल्या घराण्यातील. तेव्हा वैद्यकाशी त्याचा संबंध सासरकडूनही होताच, असे विनोदाने म्हणता येईल. पन्नास डॉलरची पैज लावून तो स्यूअल क्रॉकर या यांत्रिकाबरोबर २३ मे १९०३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ६३ दिवसांनी, २६ जुलैला न्यूयॉर्कला पोहोचला. गाडी विंटन कंपनीची, छप्पर नसलेली. सामानात हत्यारे, दोरखंड व पेट्रोलच्या डब्यांबरोबर कोट आणि रबरी पोशाखही होते. वाटेत त्यांनी बड नावाचा कुत्रा घेतला. खारट धुळीने त्याचे डोळे सुजू लागले, तेव्हा त्यालाही गॉगल चढविण्यात आला. ती गाडी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बडच्या गॉगलकडे मी गंमत म्हणून पाहत नाही. उघड्या वाहनावर प्रवास करणाऱ्या प्रत्येक जिवाला, मग तो चालक असो वा मागे बसलेला, संरक्षण अंगावरच बाळगावे लागते, हा धडा त्यात आहे.

एका बाहीची गोष्ट

कार कोटाची बाही पुष्कळदा ‘रॅगलन’ पद्धतीची असते. नेहमीच्या कोटात बाही खांद्याच्या टोकाशी जोडलेली असते. रॅगलनमध्ये शिवण काखेतून तिरकी थेट गळ्यापर्यंत जाते. त्यामुळे खांद्याला मोकळीक मिळते आणि दोन्ही हात पुढे करून चाक धरले तरी पाठीत कापड ताणले जात नाही. या बाहीचे नाव ज्याच्यावरून पडले तो लॉर्ड रॅगलन, म्हणजे पूर्वाश्रमीचा फिट्झरॉय सॉमरसेट, १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत वेलिंग्टनचा सचिव होता. गोळी लागून त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला आणि तो हात कापावा लागला. ईथरची भूल यायला अजून एकतीस वर्षे होती. शस्त्रक्रिया संपल्यावर, आपल्या पत्नीने दिलेली अंगठी बोटात राहिली म्हणून त्याने तो हात परत मागवला, असे सांगतात. एका हाताच्या माणसाला चढवायला सोपी अशी ही बाही त्याच्या सोयीसाठी निघाली, असा समज आहे.

हाच रॅगलन पुढे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सेनापती होता. त्याच युद्धातील बॅलाक्लाव्हाच्या लढाईत घोडदळाचा हल्ला करणारा लॉर्ड कार्डिगन आपल्या कपाटातील बटणांच्या स्वेटराला नाव देऊन गेला, आणि ज्या गावापाशी ती लढाई झाली त्याचे नाव इंग्रजीत माकडटोपीला मिळाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने जिथल्या जखमींची सेवा केली ते हेच युद्ध. परिचर्याशास्त्र आणि हिवाळी कपडे यांची अशी एका ठिकाणी गाठ पडलेली आहे.

कोट आखूड का झाला

मूळचा पायघोळ मोटारकोट मांडीपर्यंत कसा आला याचे उत्तर शिंप्यापेक्षा मोटार कारखान्यात शोधावे लागते. अमेरिकेत १९१९ साली दर दहा मोटारींपैकी जवळजवळ नऊ उघड्या होत्या. १९२०च्या दशकारंभी हडसन कंपनीने एसेक्स नावाची स्वस्त बंद गाडी आणली, इतरांना तिच्यामागे धावावे लागले, आणि १९२७ पर्यंत दहांपैकी आठांहून अधिक गाड्या बंद झाल्या होत्या. अवघ्या आठ वर्षांत वारा मोटारीच्या बाहेर राहिला.

त्यानंतर ऊब आत आली. १९२०च्या दशकाअखेरीस फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला एंजिनच्या तप्त नळकांड्याभोवतीची हवा आत घेणारा हीटर बसवून मिळू लागला. या पद्धतीत एक धोका होता. नळकांड्याला भेग असेल तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. १९३८ साली नॅश कंपनीने ‘वेदर आय’ ही पद्धत आणली. बाहेरची ताजी हवा गाळून, एंजिनच्या गरम पाण्यावर तापवून ती आत सोडीत असे. तरीही पुढे बराच काळ हीटर हा जादा पैसे मोजून घ्यावयाचा भाग होता.

वारा गेला, ऊब आली. मग गुडघ्याखालपर्यंतचा जड कोट निरुपयोगी ठरला, इतकेच नव्हे तर अडचणीचा झाला. बसताना तो मांडीखाली गोळा होतो, पायांना पॅडलपासून पॅडलपर्यंत जाऊ देत नाही, उतरताना दारात अडकतो. मात्र घरातून गाडीपर्यंत आणि गाडीतून दुकानापर्यंत थंडी उरलेलीच होती. तेवढ्यापुरता कोट हवा होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत शहराबाहेरच्या वसाहती वाढल्या, शाळा, बाजार, नोकरी सगळे मोटारीने गाठण्याचे झाले, १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला, आणि याच काळात कार कोट हा स्त्री-पुरुष दोघांचाही नित्याचा पोशाख बनला. ब्रिटनमध्ये त्याचा मेंढीच्या कातड्याचा प्रकार लोकप्रिय झाला. तेथील फुटबॉल समालोचक जॉन मॉटसन १९९० साली भर हिमवर्षावात तसला कोट घालून पडद्यावर दिसले. २०२३ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही लोकांना आधी तो कोट आठवला.

माझ्या मते या कोटाचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो. संरक्षणाचे काम जसजसे अंगावरून काढून गाडीकडे सोपविले गेले, तसतसा कोट आखडत गेला. त्याची लांबी म्हणजे गाडीने आपल्यासाठी किती केले याचे मापच होय.

यॉर्कशरमधील वर्षे

१९६० आणि १९७०च्या दशकांत भारतीय उपखंडातून हजारो डॉक्टर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेले. त्यांत आपल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही होते. मी १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे यॉर्कशर परगण्यात होतो. आधी रुग्णालयात, नंतर एका वयोवृद्ध जनरल प्रॅक्टिशनरच्या हाताखाली. डोंगरउतारांवर विखुरलेली गिरणीगावे, चार वाजताच पडणारा अंधार, आणि दिवसाला आठ-दहा घरभेटी. तेथे मी माझा कार कोट घेतला. तपकिरी लोकरीचा, रॅगलन बाहीचा, खोल तिरक्या खिशांचा.

त्या खिशांचा उपयोग मला माझ्या ज्येष्ठांनी शिकविला. गाडीतून उतरून रुग्णाच्या खोलीपर्यंत जाताना ते दोन्ही हात खिशात घालून चालत. मला ते आधी डॉक्टरी ऐटीचे लक्षण वाटे. पुढे त्यांनीच सांगितले, की गार हात पोटावर ठेवला तर पोट आपोआप आवळते, आणि मग ते आवळणे आतल्या दुखण्याचे की आपल्या हाताचे हे कळत नाही. ॲपेंडिक्सच्या संशयात हा फरक फार मोलाचा. तेव्हा डॉक्टरच्या कोटाचे खिसे आधी हात गरम ठेवण्यासाठी, मग किल्ल्यांसाठी. आपल्या तरुण सहकाऱ्यांना मी हे अजूनही सांगत असतो. सोनोग्राफी आली तरी पोटावर हात ठेवणे संपलेले नाही.

ग्वाल्हेरचा स्कूटर आणि तोच कोट

परतल्यावर लष्करात दवाखाना थाटला. पहिली काही वर्षे वाहन म्हणजे स्कूटर. रात्री मुरारला किंवा बिर्लानगरला बोलावणे आले, की तो कार कोट चढवून निघे. कोट उत्तम स्थितीत होता, पण त्याचे काम बिघडले होते. पुढचे दोन पल्ले वाऱ्याने उघडत, गुडघे व मांड्या उघड्या राहत, गळ्यातून थंडी थेट छातीत उतरे. लोकर जाड खरी, पण तिच्या विणीतून वारा आरपार जाई. बंद गाडीत जे कापड पुरेसे होते ते उघड्या स्कूटरवर अपुरे पडत होते.

बाड्याजवळच्या एका वृद्ध शिंप्याकडे मी तो नेला. त्यांनी कोट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “साहब, ये तो कुर्सी पर बैठने वाले का कोट है, घोड़े पर बैठने वाले का नहीं.” या एका वाक्यात त्यांनी वर सांगितलेला सारा इतिहास सांगून टाकला. त्यांनी पुढच्या बाजूस आतून घट्ट विणीच्या कापडाचे दुहेरी अस्तर घातले, पल्ल्यावर पल्ला चढेल अशी जादा पट्टी लावली, गळ्याशी एक बटण वाढविले. त्या हिवाळ्यापासून कोट पुन्हा कामाला आला.

तेव्हापासून मनात एक विचार घर करून आहे. इतर देशांत मोटारवाला उघड्या आसनावरून बंद गाडीत गेला, म्हणून त्याचा कोट आखूड झाला. आपल्याकडे मात्र बहुसंख्य लोक दुचाकीवर आहेत. वाऱ्याच्या दृष्टीने ते अजून १९०३ सालातच आहेत. वेग मात्र तेव्हापेक्षा अधिक. पहाटेचा दूधवाला, शाळेत मुलाला सोडणारी आई, रात्रपाळीची परिचारिका, घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण, हे सारे डॉ. जॅक्सनच्या विंटनचे वारस होत. हवा ५ अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती ढोबळमानाने उणे १ अंशासारखी लागते. १० अंशांची सुखद वाटणारी सकाळ ६ अंशांची होते.

याचे परिणाम आपण दवाखान्यात पाहतोच. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावरील भार वाढतो; ज्याला छातीत कळ येण्याची सवय आहे त्याला ती कमी श्रमात येते. थंड, कोरड्या हवेने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतात. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक दाबायला उशीर होतो, आणि हा शेवटचा परिणाम निरोगी तरुणालाही चुकत नाही. अशा रुग्णाला आपण ‘गरम कपडे घाला’ एवढेच सांगतो. तो एकावर एक दोन स्वेटर घालतो आणि तरीही कुडकुडत येतो, कारण त्याला हवा असतो तो वारा अडविणारा एक पातळ थर. आपले दूधवाले स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालतात; बरबरीच्या गॅबर्डीनने जे केले तेच ते कागदाकडून करून घेतात. स्वेटरवर पावसाळी कोट चढविला तरी तेच साधते. हातमोजे व गुडघ्यांचे आच्छादन यांना चैन समजू नये. थंडीच्या पत्रकात ही दोन-तीन वाक्ये घालणे आपल्या मंडळाला सहज शक्य आहे.

मफलर आणि ओढणीविषयी मात्र सावधगिरी हवी. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन उघड्या मोटारीतून निघाली असता तिचा लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला आणि तिचा अंत झाला. हा केवळ दूरदेशीचा किस्सा नव्हे. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन गळ्याला व मानेच्या मणक्यांना झालेल्या इजा आपल्या देशातील शल्यविशारदांच्या परिचयाच्या आहेत. म्हणूनच १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत यासाठी मोटारसायकलच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण सक्तीचे केले आहे. बोलीभाषेत आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. दिसायला बरे वाटावे म्हणून पुष्कळ तरुण ते काढून टाकतात. गळ्याभोवतीचे कापड कोटाच्या आत खोचलेले असावे आणि साडीगार्ड जागच्या जागी असावे, हे सांगणेही उपचाराचाच भाग आहे.

कोट आणि पट्टा

आता मोटारीतून जाणाऱ्यांविषयी. १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने तीन बिंदूंवर बांधला जाणारा सुरक्षापट्टा आणला. हा पट्टा खांद्याच्या व छातीच्या हाडांवरून आणि खाली कमरेच्या हाडांवरून घट्ट गेला तरच काम करतो. मधे फुगीर, जाड कोट असेल तर पट्टा अंगाला घट्ट वाटतो, पण तो कोटाला घट्ट असतो. धडकेच्या क्षणी आतील हवा निघून कापड दबते आणि पट्टा तेवढा सैल पडतो. मोठ्या माणसाने कोटाची बटणे सोडून, कमरेचा पट्टा कोटाखालून घेतला तर हा दोष बराच टळतो. आखूड, बेताच्या जाडीच्या कार कोटात हे करणे सोपे आहे. गुडघ्यापर्यंतच्या फुगीर जाकिटात अवघड.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा नियमच समजावा. मुलांच्या वेगळ्या आसनात बसविताना जाड जाकीट काढावे, साध्या कपड्यांवर पट्टा घट्ट करावा आणि मग वरून शाल किंवा तेच जाकीट उलटे पांघरावे. मांडीवर बाळ घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची आपल्याकडील प्रथा तर कुठल्याही शालीने सुरक्षित होत नाही. आणि लग्नाकार्यानंतर थंडीच्या रात्री बंद खोलीवजा गॅरेजात किंवा उभ्या गाडीत एंजिन चालू ठेवून ऊब घेत झोपणारे लोक कार्बन मोनॉक्साइडने दगावतात, हेही सांगत राहिले पाहिजे. गाडीने कोटाचे काम घेतले आहे खरे, पण ते काम ती चालू आणि हवेशीर असतानाच करते.

महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला आपला मेळा मुळात गुरांचा होता. पुढे तो व्यापारमेळा झाला, आणि वाहनांच्या करातील सवलतीमुळे भर थंडीत नवी गाडी घेण्याचा मुहूर्त म्हणून त्याची ख्याती झाली. पुष्कळ कुटुंबे तेथून पहिली स्कूटर घेतात, काही वर्षांनी पहिली मोटार. एका वाहनावरून दुसऱ्यावर जाताना कपड्यांचे शास्त्र बदलते, हे त्यांना कोणी सांगत नाही. विक्रेता सांगणार नाही आणि शिंपी आता उरले नाहीत. दुचाकीवर असाल तर वारा अडवा, गळा आवळून घ्या, टोके लोंबू देऊ नका. मोटारीत असाल तर कोट हलका करा आणि पट्टा अंगाला लावा. येत्या हिवाळ्यात बाह्यरुग्ण विभागात खोकला, कळ किंवा बधिर बोटे घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘आलात कशावरून?’ हा एक प्रश्न आपण सर्वांनी आवर्जून विचारावा, एवढीच व्यवसायबंधूंना विनंती.